लेडीज बाल्कनीच्या वच्छलाबाई

माझ्या सासूबाईंना, त्यांच्या पंचाहत्तरीत, काठापदराची साडी नेसवून, सायकलरिक्षात बसवून मी एका फ्रेंच नागड्या सिनेमाला घेऊन गेले होते. तेही दुसऱ्या भागाला. हे एकदा सांगून टाकलं की पुढचं लिहायला जड जात नाही.

कोणी म्हणेल, चुकून गेल्या असतील बिचाऱ्या. चुकून नाही. पूर्ण विचार करून गेले होते. विचार करणं ही माझी त्या काळातली सर्वांत वाईट सवय होती.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. भोपाळच्या कचेऱ्यांतल्या फायली दोन राज्यांत वाटल्या गेल्या, तशी माणसंही वाटली गेली. मी रायपूरच्या वाट्याला आले. आमचे हे रेल्वेत, बिलासपूरला, शनिवारी घरी येत. तात्यापाऱ्यात, तिथल्या जुन्या मराठी वस्तीत, सासरचं घर होतंच, त्यात सासूबाई होत्या. त्यांना सगळी गल्ली माई म्हणे. मंत्रालय एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत थाटलं होतं. जिथे पूर्वी लोकांना टाके पडत, तिथे बसून मी सरकारी परिपत्रकांचे अनुवाद करी. एम. ए. इंग्रजी! या शहरात संस्कृती जी काही आली ती माझ्याच सामानाच्या ट्रकमधून उतरली, अशी माझी अगदी प्रामाणिक समजूत होती. आज माझी नात मोबाइलवर कुठल्या कुठल्या देशांच्या मालिका बघते आणि मी डोकावले की म्हणते, "दादी, ये आपके मतलब का नहीं है." माझ्या मतलबाचं काय होतं आणि मी काय काय पाहून बसले आहे, हे पोट्टीला कुठे ठाऊक?

पण लिहायचं आहे ते वच्छलाबाईंविषयी.

आमच्या घरापासून दोन चौक सोडून एक टॉकीज होती. नाव लिहीत नाही, मालकाचा नातू अजून भाजीबाजारात भेटतो. त्या टॉकीजच्या लेडीज बाल्कनीच्या दारावर वच्छलाबाई उभ्या असत. मूळच्या अमरावतीकडच्या. नवरा त्याच टॉकीजमध्ये मशीन चालवायचा. तो गेल्यावर मालकाने यांना बायकांच्या दारावर उभं केलं, त्या उभ्याच राहिल्या. काळीसावळी, आडव्या बांध्याची बाई, डोक्यावरून घट्ट पदर आणि हातात टॉर्च. अंधारात येणाऱ्या बाईच्या पायाशी उजेड टाकायचा आणि तिला खुर्चीपर्यंत न्यायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे त्यांना माणसं चेहऱ्याने ओळखू येत नसत, पायांनी येत. बाजारात समोरून कोणी आलं की त्यांची नजर आधी खाली जाई, मग वर येई, आणि मग तोंड भरून, "व माय, तुम्ही काय!" नवी चप्पल घेतली की दोन दिवस त्या मला ओळख देत नसत.

दुसरी गोष्ट अशी की त्यांनी एकाही सिनेमाची सुरुवात कधी पाहिली नव्हती. पहिला अर्धा तास उशिरा येणाऱ्यांना बसवण्यात जाई. इंटर्वलनंतर पुन्हा तेच. मधलं जे तुकड्यातुकड्यांनी दिसे त्याला त्या स्वतःकडचं डोकं आणि शेपूट जोडत. हे जोडकाम इतकं बेमालूम असे की ज्या बायकांनी तो सिनेमा स्वतः पाहिलेला असे, त्याही म्हणत, "अगं बाई, हे माझ्या लक्षातच नव्हतं आलं."

शेवटाच्या बाबतीत तर त्या मालकाचंही ऐकत नसत. फार वर्षांपूर्वी एक रडका सिनेमा आला होता, त्यात नायक शेवटी मरतो. आमच्या शेजारच्या काळेकाकू तेव्हा पोटुशी होत्या. नायकाला पहिली गोळी लागायच्या आत वच्छलाबाईंनी टॉर्च मारून त्यांना उठवलं. "चला काकू, आता फुडं काही नाही. लग्न लागते अन् संपते. गर्दी व्हायच्या आधी निंघा." काकू समाधानाने घरी गेल्या. मुलगा झाला, कॉलेजात गेला, घरी केबल आली, आणि एका दुपारी टीव्हीवर तो सिनेमा लागला तेव्हा काकूंना कळलं की नायक मेला होता. त्या तरातरा वच्छलाबाईंच्या खोलीवर भांडायला गेल्या.

"इतकी वर्षं मले फसवलं तुम्ही!"

"तुमच्या पोटात बाळ होतं," वच्छलाबाई म्हणाल्या. "तवा कसा मरू देऊ मी त्याले?"

काकू परत आल्या त्या जरा बुचकळ्यातच. भांडण कोण जिंकलं हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, म्हणून तेव्हापासून त्यांच्या मनात वच्छलाबाईंविषयी एक बारीक अढी बसली.

आमच्या गल्लीत उन्हाळ्याच्या दुपारी पापड लाटायला बायका माईंच्या ओसरीवर जमत. आज हिचे, उद्या तिचे, असं आळीपाळीने. पापड लाटणं हे हातांचं काम, डोकं रिकामं राहतं, आणि रिकामं डोकं भांडणाकडे वळतं. म्हणून पूर्वीपासून अशी रीत पडली होती की वच्छलाबाईंनी मधोमध बसायचं, त्यांनीही लाटायचं, आणि लाटता लाटता चालू पिक्चरची ष्टोरी सांगायची. ज्यांना घरातून सिनेमाला सोडत नसत त्यांचा हाच सिनेमा. वच्छलाबाईंना मूलबाळ नव्हतं, खोलीवर वाट पाहणारं कोणी नव्हतं. सकाळ टॉकीजच्या दारात आणि दुपार आमच्या ओसरीवर, एवढाच त्यांचा संसार.

मी राहायला आले तेव्हा ही रीत मोडायला आली होती. चांगले सिनेमे दुसऱ्या, गुळगुळीत टॉकीजना जाऊ लागले होते. घरोघरी केबल. काळेकाकू तर उघड म्हणत, "ष्टोरी कशाला ऐकायची आता? मी माझा टीव्हीच आणून ठेवतो ओसरीवर. खरं काय ते तरी दिसेल." वच्छलाबाईंच्या टॉकीजमध्ये उरले होते मॉर्निंग शो, आणि त्यात लागत ते असले सिनेमे. लेडीज बाल्कनी ओस पडलेली. म्हणजे वच्छलाबाईंनी एकतर गप्प बसायचं आणि जागा टीव्हीला द्यायची, नाहीतर जे होतं तेच सांगायचं. टीव्हीवर दिसणार नाही असं त्यांच्याकडे एवढंच शिल्लक होतं.

त्यांनी सांगायला घेतलं.

"फ्रान्सदेशची बाई हाय," पहिला पापड पसरत त्या म्हणाल्या. "नाव आपल्या तोंडात बसत नाही, आपन मंजुळा म्हनू. नवरा मोठा सायेब. सदा दौऱ्यावर. बाईशी धड बोलत नाही. मंग ती निंघाली बोटीनं. दूर एक बेट हाय, नारळाचं. तिथं तिची मावसबहीन राह्यते. तर मंधात वादळ आलं, अन् कपड्याची पेटी गेली समुद्रात."

"सगळे कपडे?" काळेकाकूंचं लाटणं थांबलं.

"सगळे. अंगावरचं तेवढं राह्यलं. ते भी ओलं."

"मग बहिणीनं नाही दिलं एखादं लुगडं?" माईंनी विचारलं.

"बहिनीचं मापच येगळं न, माई!"

बायकांनी हळहळून माना हलवल्या. पुढे समुद्राच्या वाऱ्याने मंजुळेच्या कमरेत लचक भरली. बेटावर एक तरणा वैद होता, तो तेल लावून देई.

"कितीदा?" कोणीतरी विचारलं.

"पिच्चरभर. जुनं दुखनं होतं."

मी त्या दिवशी कचेरीतून लवकर आले होते आणि दाराला टेकून ऐकत होते. मला हसू यायला हवं होतं. मला आला गहिवर! फ्रेंच सिनेमा म्हणजे कलात्मक, हे मी पुस्तकांतून वाचलं होतं. एकही पाहिला नव्हता, त्यामुळे मत पक्कं होतं. मी ओसरीवरच्या बायकांना समजावून सांगितलं की समुद्र म्हणजे स्त्रीचं मन आणि ती पेटी म्हणजे समाजाने तिच्यावर लादलेलं ओझं.

"हव सूनबाई," वच्छलाबाई गंभीरपणे म्हणाल्या, "ओझं तं होतंच. लोखंडी पेटी होती."

पहिला भाग संपला तो नवरा मंजुळेला न्यायला बोटीत बसतो तिथे. गल्लीचा जीव टांगणीला लागला. काळेकाकूंचा टीव्ही घरातच राहिला. माईंना तर त्या पेटीने पछाडलं. जेवताना एकदम विचारत, "काय गं, मिळाली असेल का तिची पेटी?" सुटकेसा भरून भोपाळहून आलेल्या सुनेला त्यांनी तिच्या सामानाविषयी इतकं कधी विचारलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरा भाग लागला. चौकात पोस्टर आलं. नारळाची झाडं, निळं पाणी, एका बाईची पाठ, आणि पाठीवर आडवी चिकटवलेली कागदाची पट्टी. माई रिक्षातून उतरून ते पोस्टर निरखत उभ्या राहिल्या. "पाठ उघडीच आहे अजून," त्या म्हणाल्या. "नाही मिळाली गं पेटी."

आणि मला, एम. ए. इंग्रजीला, सुचलं की माईंनी दुसऱ्याच्या तोंडून का ऐकावं? प्रत्यक्ष दाखवू या. पोस्टरवर मोठ्या माणसांसाठीचा शिक्का होता, तो मी पाहिला. परदेशी लोक, एखादं चुंबन असेल, माई काही लहान नाहीत! मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

तिकीटखिडकीतल्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, माईंकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "बाल्कनी? अम्मा भी?"

"अम्मा ही तो देखना चाहती हैं," मी ठणकावून सांगितलं.

जिन्याच्या वर वच्छलाबाई स्टुलावर बसल्या होत्या. पावलं ऐकून त्यांनी सवयीने टॉर्च लावला. उजेड माईंच्या चपलांवर पडला आणि तिथेच थिजला.

"माई?" आवाज पार खाली गेला. "तुम्ही कुठं आल्या? पंखे बंद हाय आज. उंदरं झाले लय. मशीन भी जळून राह्यली."

"उंदरं घरी भी आहेत. हट बाजूला," माई म्हणाल्या.

सबंध बाल्कनीत आम्ही दोघी. वच्छलाबाई दार सोडून माईंच्या पलीकडे येऊन बसल्या. त्या कधी खुर्चीवर बसत नसत. खाली पुरुष एकेक खुर्ची सोडून बसलेले, आजारी माणसाला पाहायला आल्यासारखे गुपचूप.

सुरुवातीला समुद्र होता. खरोखर सुंदर होता. मी माईंच्या कानाशी लागून म्हटलं, "पाहा, किती संयत आहे."

त्यानंतर जे सुरू झालं ते संयत नव्हतं.

लगेच वच्छलाबाईंचा टॉर्च जमिनीवर फिरू लागला. "माई, तुमची चप्पल गेली वाटते खाली. सूनबाई, पाहा बरं जरा." मी जीव वाचवल्यासारखी खुर्चीखाली घुसले. त्या सिनेमाचा जेवढा भाग मी पाहिला त्यात मुख्यतः शेंगांची टरफलं होती. वर लाटांचा आवाज येत होता, आणखीही आवाज येत होते, आणि त्यांच्यावर वच्छलाबाईंचा आवाज: "हा वैद नोहे माई. हा कंपाउंडर. वैद गावाले गेला."

"हं."

"तिचं दुखनं परत उमळलं."

"दिसून राहिलं," माई म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, त्याच सुरात, "सूनबाई, वर ये. चप्पल माझ्या पायातच आहे."

मी वर आले. चला म्हटलं, हात धरला. माईंनी हात सोडवला. "बसली आहो मी," म्हणाल्या, आणि शेवटची अक्षरं येईपर्यंत बसल्या. परतताना रिक्षात त्या एकच वाक्य बोलल्या, "समुद्र चांगला होता."

मला मात्र लाज वाटता वाटता राग येऊ लागला. माझ्या मूर्खपणाचा यायला हवा होता, पण तो मला तेव्हा दिसत नव्हता, म्हणून वच्छलाबाईंचा आला. या बाईने सगळ्या गल्लीला फसवलं! मला फसवलं! सत्य सांगितलंच पाहिजे! सत्यासाठी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धी रजा टाकली.

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई येणार नाहीत असं मला वाटलं होतं. त्या आल्या. हात धुतले, मधोमध आपल्या जागी बसल्या, पोळपाट पुढे ओढला. पहिला पापड लाटायला घेतला.

"मग?" काळेकाकूंनीच विचारलं. "लागला म्हणे दुसरा. मिळाली का पेटी?"

वच्छलाबाईंनी माईंकडे पाहिलं. माई उडदाच्या पिठाच्या लाट्या तोडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. तेवढ्यात मी बोलले.

"पेटीबिटी काही नाही. आम्ही काल पाहून आलो. सगळं घाण आहे."

सगळी लाटणी थांबली. काळेकाकूंना इतक्या वर्षांनी मोका मिळाला होता. त्यांनी सावकाश हात पुढे केला आणि वच्छलाबाईंच्या पुढचा पोळपाट स्वतःकडे ओढून घेतला. "हे पापड नैवेद्याच्या पानात वाढतो आपण, वच्छलाबाई. असलं पाहून आलेल्या हातानं..."

वच्छलाबाई बोटांचं पीठ पदराला पुसू लागल्या. एकेक बोट पुसत होत्या. गुडघ्यावर हात टेकून त्या उठणार तेवढ्यात माई म्हणाल्या, "बस वच्छले."

वच्छलाबाई बसल्या.

"सूनबाईले काय माहीत?" माई लाट्या तोडतच होत्या. "ते पिक्चरभर खुर्चीखाली होती. विचारा तिले. मी पाहिला सगळा. पेटी मिळाली."

"मिळाली?" चार-पाच आवाज एकदम.

"हो. पेटी मिळाली. नवरा आला. दोघं घरी गेले."

एवढं बोलून माईंची ष्टोरी संपली. बायका वाट पाहत राहिल्या, पुढे काहीच येईना. वच्छलाबाईंच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं. आतापर्यंत अपमान गिळून बसलेली बाई, पण हे त्यांना सोसेना. त्या चुळबुळल्या, पदर सारखा केला, आणि शेवटी तोंडातून निघालंच, "अशी सरकन नाही मिळाली, माई."

"मग तू सांग."

त्यांनी सांगितलं. नवऱ्याची बोट कशी चुकली, तो भलत्याच बेटावर कसा उतरला. त्याला उलट्या कशा झाल्या, आणि त्या उलट्यांत त्याचा सायेबी तोरा कसा उतरला. मग एका कोळ्याच्या जाळ्यात जड काहीतरी लागतं, चार माणसं ओढतात, कुलूप गंजलेलं, नवऱ्याने दगडाने फोडलं. आत सगळ्यांत वर हिरवं लुगडं, कोरडं ठक्क. फ्रेंच बाईच्या पेटीत लुगडं कुठून आलं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. काळेकाकू रडत होत्या. वच्छलाबाई लाटून राहिल्या होत्या, म्हणजे पोळपाट त्यांच्यापुढे परत आला होता. तो काकूंनी कधी सरकवला ते कोणीच पाहिलं नाही.

त्यानंतर मला वाटलं होतं की गल्लीत कुजबूज होईल, बायका वच्छलाबाईंना टाळतील. तसं काही झालं नाही. उलट आता त्या ऐकताना एकमेकींना कोपराने ढोसत, आणि सर्वांत सज्जन दिसणारी बाई विचारी, "कंपाउंडर आला का आज?" वच्छलाबाई डोळा न हलवता उत्तर देत. माझ्या सत्याने एवढाच उजेड पाडला.

पुढे टॉकीज बंद पडली. तिथे कॉम्प्लेक्स व्हायचं ठरलं. राजधानीला सिनेमापेक्षा दुकानं जास्त लागतात. वच्छलाबाई उरला नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत पुतण्याकडे राहायला गेल्या, तो रोलिंग मिलमध्ये होता. तिकडून येणाऱ्या एका बाईने सांगितलं की माणसं शिफ्टला गेली की दुपारी चाळीतल्या बायका त्यांच्या दाराशी बसतात. अंगणभर काळी धूळ, आणि मध्ये या बोलून राहिलेल्या. मी जाईन जाईन म्हणत राहिले, गेले नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आमच्याच दारात. पुतण्या ऑटो घेऊन आला होता. एक गादी, एक बादली, दोन गाठोडी. माई आत झोपल्या होत्या, त्यांच्या पायांना हात लावून वच्छलाबाई न उठवताच बाहेर आल्या आणि गादीवर चढून बसल्या. ऑटो चालू झाला होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी जवळ गेले आणि म्हटलं, "वच्छलाबाई, त्या दिवशी चारचौघींत मी तसं बोलायला नको होतं."

त्या माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "खरं होतं ते बोलल्या तुम्ही सूनबाई, त्याचा राग नाही. पन एवढा मोठा समुद्र, बेट, बोट, इतके सारे मानसं, अन् तुम्ही एका वाक्यात संपवून टाकला. असा सांगतेत काहो पिच्चर?"